जुना टँक घेतला, पण काचेवरचे ओरखडे काही संपेनात

तक्रार जवळजवळ एकाच साच्यातली असते. कुणाचा तरी वापरलेला फिश टँक मिळतो. बघताना काच बरी वाटते. घरी आणून पुसून ठेवला की पुढच्या काचेवर पांढऱ्या रेघांचं जाळं दिसायला लागतं. घासून होतं, व्हिनेगर लावून होतं, कुणी टूथपेस्ट सांगतं म्हणून तीही चोळून होते. शेवटी वैतागून पाणी भरलं की निम्म्या रेघा आपोआप गायब. मासे सोडले, दोन महिने सुखाचे गेले, आणि एका संध्याकाळी लाईट लावला तर काचेवर रेघा पुन्हा हजर. या वेळी नव्या, आणि आपल्याच हातच्या.

माझ्याकडे असाच एक टँक आहे. ९० सेंमी लांब, ४५ रुंद, ४५ उंच. त्याच्यावर मी तीन चुका केल्या. आधी क्षाराला ओरखडा समजलो. मग एक ओरखडा घालवायच्या नादात चांगली काच बिघडवली. आणि सगळ्यात जास्त दिवस जुन्या ओरखड्यांशीच झुंजत बसलो, खरं भांडण नव्यांशी असताना.

ओली काच खोटं बोलते

टँक बघायला गेलो तेव्हा तो नुकताच धुतलेला होता. "तुम्ही येणार म्हणून साफ करून ठेवला," असं म्हणत त्या गृहस्थांनी हातातल्या ओल्या फडक्याने पुढची काच माझ्यासमोर आणखी एकदा पुसली. त्यांच्या मनात काही काळंबेरं होतं असं मला आजही वाटत नाही. पण ओल्या काचेवर ओरखडे दिसत नाहीत, आणि ती काच वाळेपर्यंत थांबायचं मला सुचलं नाही.

ओरखडा म्हणजे काचेतला बारीक चर. कोरड्या काचेत त्या चरात हवा असते. हवेचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वळतो ते सांगणारा आकडा, १, काचेचा साधारण १.५२. तफावत मोठी, म्हणून चराच्या भिंतींवरून प्रकाश इकडेतिकडे विखुरतो आणि रेघ पांढरी चमकते. चरात पाणी शिरलं की हवेच्या १ च्या जागी पाण्याचा १.३३ येतो. सरळ समोरून पडणाऱ्या प्रकाशापैकी हवा आणि काच यांच्या सीमेवरून सुमारे ४ टक्के परत फिरतो, पाणी आणि काच यांच्या सीमेवरून अर्धा टक्कासुद्धा नाही. रेघ जागच्या जागी असते, फक्त तिची चमक उतरते.

म्हणून ओरखडा केवढा आहे हे नंतर, आधी तो कोणत्या बाजूला आहे ते बघायचं. आतल्या बाजूचे बारीक ओरखडे टँक भरल्यावर बरेचसे विझतात. रिकाम्या टँकमध्ये ते बघून लगेच नाही म्हणू नका. बाहेरच्या बाजूचे ओरखडे मात्र कायम हवेतच राहणार. आज कोरड्या काचेवर जेवढे टोचतात तेवढेच रोज टोचणार.

बाजू ओळखायला बोट पुरतं. बोट ओलं करा आणि बाहेरून रेघेवर फिरवा. रेघ विझली तर ती बाहेरची. नाही विझली तर हात टँकमध्ये घालून आतून तेच करा. जाड काचेत नुसतं बघून अंदाज हमखास चुकतो, त्यामुळे डोळ्यांवर विसंबू नका.

बघायला जाताना एक कोरडं सुती फडकं, एक टॉर्च आणि एखादा काळा कागद बरोबर असावा. काच आतून-बाहेरून कोरडी करायची आणि दहा मिनिटं थांबायचं. तेवढ्यात फिल्टर, झाकण, लाईट, आधी कोणते मासे होते, काही औषधं घातली होती का, या गप्पा मारून घ्याव्यात. मग काचेमागे काळा कागद धरून टॉर्च काचेला जवळजवळ चिकटवायची आणि उजेड काचेवरून आडवा सरपटू द्यायचा. समोरून टॉर्च मारली तर काच आरपार दिसते, ओरखडा नाही. फडकं तेलकट लागलं तर बाहेरची बाजू साबणाच्या पाण्याने पुसून पुन्हा बघा. तेलाचा हलका हात पाण्यापेक्षा जास्त वेळ ओरखडे झाकून ठेवतो.

ओरखडा, क्षार की तडा?

पांढरं दिसतं ते सगळं ओरखडा नसतं. माझ्या टँकच्या वरच्या बाजूला तीन बोटं रुंदीचा एक धुरकट पट्टा होता. मी धरून चाललो होतो की इथली काच कायमची खरवडली गेली आहे. निघाला तो क्षार. पाणी उडून जातं आणि त्यातला कॅल्शियम कार्बोनेट काचेवर बसतो. पाण्याची पातळी जिथे रोज थोडी थोडी उतरते तिथे त्याचा पट्टा होतो, आणि झाकणावरून टपकणाऱ्या थेंबांचे ओघळ होतात.

परीक्षा सोपी आहे. पट्ट्यावर व्हिनेगरचा एक थेंब टाकायचा. बारीक बुडबुडे आले आणि पांढरेपणा उतरला तर क्षार. टँक त्या काचेवर आडवा झोपवा, व्हिनेगरमध्ये भिजवलेले टिश्यू पेपर आतून पट्ट्यावर अंथरा आणि तासभर विसरून जा. उभ्या काचेवर व्हिनेगर ओघळून जातं, आणि मग घासाघाशी सुरू होते. ती टाळायचीच आहे, कारण क्षाराच्या थरात वाळूचे कण अडकलेले असतात. तासाभराने थर मऊ होतो आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने निघतो. माझा पट्टा असाच निघाला. त्याच्याखालून सात नवे ओरखडे निघाले, तो भाग वेगळा.

ओरखड्याच्या चरातही क्षार बसतो आणि रेघ आहे त्याहून ठळक दिसते. म्हणून खऱ्या ओरखड्यांवरही एकदा व्हिनेगर फिरवून मगच मत बनवा. दोन-तीनदा व्हिनेगर लावूनही जो धुरकटपणा हलत नाही, त्याच्यामागे मी लागत नाही. काचेचा पृष्ठभागच खाल्ला गेला असेल तर तो घासून परत येत नाही.

इथेच एक धोक्याची गोष्ट. जुना टँक निर्जंतुक करायला बरेच जण ब्लीच वापरतात आणि ते योग्यही आहे. पण व्हिनेगर आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. बंद न्हाणीघरात टँक आडवा घालून हे दोन्ही एकामागोमाग ओतलंत तर श्वास घेणं मुश्किल होईल. आधी व्हिनेगर, मग भरपूर पाण्याने धुणं, टँक पूर्ण वाळवणं, आणि ब्लीच दुसऱ्या दिवशी. ब्लीचनंतर पुन्हा भरपूर धुवा, आणि शेवटच्या पाण्यात क्लोरीन मारणारं औषध, म्हणजे सोडियम थायोसल्फेटवालं, टाका.

तडा ओळखायला कोन बदलून बघायचं. ओरखडा बहुतेक सगळ्या बाजूंनी निस्तेज पांढरा दिसतो. तडा काचेच्या जाडीत शिरलेला असतो. एका कोनात तो आरशासारखा लखकन चमकतो आणि मान जराशी हलवली की पार नाहीसा होतो. नखाला तो कित्येकदा लागतही नाही. तड्याचं एक टोक बहुधा काचेच्या कडेपर्यंत गेलेलं असतं. तडा दिसला तर पुढचं काही वाचायची गरज नाही, टँक तिथेच सोडा. कडेवरचे टवकेही बघा. शिंपल्याच्या आकाराचा टवका सिलिकॉनच्या, म्हणजे काचा जोडणाऱ्या रबरासारख्या चिकट पट्टीच्या सांध्यापर्यंत पोचला असेल तर मी तो टँक घेत नाही, मग पुढची काच कितीही स्वच्छ असो.

नख अडकतं तिथे

बोटाचं नख रेघेला आडवं, हलक्या हाताने फिरवा. नख सरकून गेलं तर ओरखडा वरवरचा. अडकलं तर खोल. एवढ्या साध्या परीक्षेवर पुढचे सगळे निर्णय अवलंबून असतात.

खोल ओरखड्याने टँक फुटतो का, हा प्रश्न सगळ्यांच्या मनात असतो. माझ्या टँकमध्ये काठोकाठ १८२ लिटर पाणी मावतं, म्हणजे १८२ किलो. एकट्या पुढच्या काचेवर त्या पाण्याचा रेटा सुमारे ९० किलो वजनाइतका येतो. त्या रेट्याने काच बाहेरच्या बाजूला किंचित फुगते, आणि फुगलेल्या काचेचा बाहेरचा पृष्ठभाग ताणला जातो. काच दाब भरपूर सोसते, ताण सोसत नाही, आणि ताणाखाली ती तुटते ती पृष्ठभागावरच्या एखाद्या चिरेपासून. काचेची प्रत्यक्ष ताकद कागदावरच्या ताकदीपेक्षा इतकी कमी का, याचं उत्तर या बारीक चिरांमध्ये आहे, हे ए. ए. ग्रिफिथ यांनी १९२१ मध्ये दाखवून दिलं. काच कापणाऱ्या कारागिराला ते हाताने माहीत असतं. तो चाकाने एक रेघ ओढतो, ती रेघ ताणली जाईल अशा बाजूने काच वाकवतो, आणि काच बरोबर त्या रेघेवर दुभंगते.

म्हणजे बाहेरच्या बाजूला, काचेच्या मधल्या भागात, नख अडकवणारी लांब सरळ रेघ हा सगळ्यात वाईट ओरखडा. तो असलेला टँक लगेच फुटेलच असं नाही, जाड काचेत हातचं बरंच राखलेलं असतं. पण घरात दीड-पावणेदोनशे लिटर पाण्याशेजारी झोपायचं असेल तर मी ती जोखीम घेत नाही. आतल्या बाजूच्या, नख न अडकवणाऱ्या रेघा कितीही असल्या तरी तो फक्त दिसण्याचा प्रश्न. मधल्या प्रकारात, म्हणजे आतून खोल पण आखूड रेघा, टँक घ्यावा आणि ती काच मागे फिरवावी.

टँकचा तळ कधी कधी टफन्ड, म्हणजे तापवून झटकन थंड करून मजबूत केलेल्या काचेचा असतो. पोलराइज्ड चष्म्यातून बघितलं तर त्या काचेत गडद-फिकट ठिपक्यांची किंवा पट्ट्यांची नक्षी दिसू शकते. या काचेला भोक पाडता येत नाही, पाडायला गेलात तर तिचा चुरा होईल. तिच्यावरचा खोल ओरखडा घासून काढायच्याही भानगडीत पडू नका.

ओरखडे बघता बघता सांधे बघायचे राहतात, हे मी स्वतःवरून सांगतो. सिलिकॉन आणि काच यांच्यामध्ये बुडबुड्यांसारखे चंदेरी भाग दिसले, किंवा नखाने कड उचलली जात असली, तर गळती आज ना उद्या ठरलेली. त्यावर नुसतं नवं सिलिकॉन थापून उपयोग नाही. जुन्या, पिकलेल्या सिलिकॉनवर नवं नीट धरत नाही. आतली सगळी पट्टी ब्लेडने काढून, काच साफ करून नव्याने भरावी लागते, आणि तेही बुरशीनाशक घातलेलं न्हाणीघराचं सिलिकॉन चालत नाही. घरी आणल्यावर टँक सपाट जागी, कडेखाली कोरडा कागद घालून, आधी पाव, मग अर्धा, मग पूर्ण भरा आणि निदान दोन दिवस तसाच ठेवा. कागदावर ओल आली की कोणता सांधा ते कळतं. रिकामा करण्याआधी आतल्या ओरखड्यांपैकी किती खरोखर दिसतात तेही याच वेळी बघून घ्या. ओरखड्यांबद्दलचा अंतिम निकाल भरलेल्या टँकसमोरच लागतो.

घालवता येतात का?

टूथपेस्टने नाही. टूथपेस्टमध्ये घासायला जे घालतात, खडूची पूड किंवा मऊ सिलिका, ते काचेपेक्षा मऊ असतं. मोह्‌सच्या कठीणपणाच्या मोजपट्टीवर खडू, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, ३ वर येतो, साधी काच साधारण साडेपाचवर. खडू घासून काच झिजत नाही. पेस्ट चरात बसते, रेघ दोन दिवस फिकी वाटते, पाणी लागलं की पुन्हा होती तशी. वर आतल्या बाजूला फेस आणि वास राहतो तो वेगळाच.

काचेला खरं पॉलिश होतं ते सेरियम ऑक्साइडने. पिवळसर किंवा गुलाबट पूड असते, पाण्यात कालवून ताकासारखी करायची, फेल्टच्या पॅडवर घ्यायची आणि ड्रिल मशीन मंद गतीवर ठेवून फिरवायची. ही पूड काच नुसती खरवडत नाही, पाण्याच्या सोबतीने काचेच्या वरच्या थराशी तिची रासायनिक क्रियाही होते, म्हणून इतकी गुळगुळीत चमक येते. पॅड सतत ओलं हवं. कोरडं पडलं की एकाच जागी काच तापते, आणि तापलेल्या काचेवर गार पाणी पडलं तर तडा जाऊ शकतो. टँक रिकामा, विजेची तार पाण्यापासून लांब, तोंडाला मास्क. हे काम मासे असलेल्या टँकमध्ये करायचं नाही, बाहेरच्या बाजूनेसुद्धा नाही, कारण कंप सगळ्या काचेतून जातो.

नख न अडकणाऱ्या ओरखड्यावर हे जमतं. वेळ खातं, पण जमतं.

नख अडकणाऱ्यावर मी केलं, आणि ती माझी दुसरी चूक. चर कधी बुजत नाही हे आधी डोक्यात शिरायला हवं होतं. ओरखडा घालवायचा म्हणजे त्याच्या तळापर्यंत आजूबाजूची सगळी काच खाली आणायची. शेतातला एक चर नाहीसा करायला सगळं शेत तेवढं खोल खणायचं, असा प्रकार. खरखरीत कागदापासून सुरुवात करून मी दोन संध्याकाळी खपलो. रेघ गेली. तिच्या जागी तळहाताएवढी एक उथळ बशी तयार झाली. रिकाम्या टँकमध्ये ती कळलीच नाही. पाणी भरून मासे सोडल्यावर कळली. मासा पोहत तिथवर येतो, त्याचं अंग थोडं आकसतं, शेपटी वाकडी होते, आणि पुढे गेला की पुन्हा सरळ. रेघेकडे लक्ष जाईलच असं नाही, पण या बशीकडे घरी येणाऱ्या प्रत्येकाचं लक्ष जातं. "काचेत काही आहे का हो?" असा प्रश्न मी आजवर कितीदा ऐकला असेल.

म्हणून माझा सल्ला असा, की खोल ओरखडा घालवू नका, लपवा. लपवायला टँक फिरवण्यासारखा उपाय नाही. चारही उभ्या काचा सारख्या जाडीच्या असल्या आणि वरच्या पट्ट्या आड येत नसल्या तर सगळ्यात खराब लांब काच मागे न्या आणि तिला बाहेरून काळी किंवा गडद निळी फिल्म लावा. तळाजवळचे ओरखडे वाळूच्या थरामागे जातात, कोपऱ्यातले एखाद्या लाकडामागे किंवा झाडामागे. लाईट पुढच्या काचेला खेटून असेल तर काही सेंमी मागे सरकवा. वरून काचेलगत उतरणारा उजेड हुबेहूब आपल्या आडव्या धरलेल्या टॉर्चचं काम करतो आणि एकेक रेघ उठवून दाखवतो. एवढ्याशा बदलाने माझ्या पुढच्या काचेवरचे निम्मे ओरखडे दिसायचे बंद झाले, आणि मी त्याआधी दोन संध्याकाळी पॅड फिरवत बसलो होतो.

टँक ॲक्रिलिकचा असेल तर गणित उलटं. वाजवून बघा, आवाज बोदा येतो, आणि त्याच आकाराच्या काचेच्या टँकपेक्षा तो पुष्कळ हलका लागतो. ॲक्रिलिकला बघता बघता ओरखडे पडतात, पण घासून निघतातही सहज: पाण्याचा सँडपेपर ६०० नंबरपासून सुरू करून २००० च्या पुढे, म्हणजे बारीक होत जाणाऱ्या कागदांपर्यंत चढत जायचं आणि शेवटी ॲक्रिलिकचं पॉलिश. ब्लेड, स्पिरिट आणि अमोनियावालं काच पुसायचं द्रव्य त्याच्याजवळही नेऊ नका.

मग नव्या रेघा येतात कुठून?

ही खरी गोष्ट. जुन्या टँकवरचे जुने ओरखडे मोजून-मापून स्वीकारता येतात. दर महिन्याला वाढणारे नाही.

काचेला ओरखडा पाडायचा तर काचेहून कठीण काहीतरी हवं. टँकमध्ये ते किलोच्या हिशेबाने भरलेलं असतं. साधी वाळू म्हणजे बहुतांशी क्वार्ट्झ, आणि क्वार्ट्झ मोह्‌सच्या मोजपट्टीवर ७. एक कण पुरतो.

ओरखड्यांचा आकार बघितला की ते पाडणारा सापडतो. कोपरातून हात फिरवल्यासारख्या कमानी दिसल्या तर स्पंजमध्ये किंवा फडक्यात कण अडकला आहे. वरून खाली सरळ, एकमेकांना समांतर रेघांची जोडी असेल तर ब्लेडचे दोन कोपरे टेकताहेत, पात धरताना हात वाकडा होतोय. सांध्यापासून बोटभर अंतरावर सांध्याला समांतर जाणारी रेघ बहुधा आधीच्या कुणीतरी सिलिकॉन खरवडताना ओढलेली असते. एकच आखूड, खोल चीर म्हणजे दगड लावताना काचेला टेकला. आणि तळापासून थोड्या उंचीवर आडव्या, लांबलचक, शेवटाला वर वळणाऱ्या रेघा दिसल्या की समजा, मॅग्नेट क्लीनर, म्हणजे काचेच्या आत आणि बाहेर एकेक चुंबकाचा तुकडा लावून शेवाळ पुसायचं साधन.

माझ्या काचेवर याच होत्या. दर रविवारी मी मॅग्नेट फिरवायचो, तळाजवळचं शेवाळ नीट निघावं म्हणून वाळूला टेकेपर्यंत खाली न्यायचो आणि काम झालं की आतला तुकडा कोपऱ्यात काचेलाच चिकटवून ठेवायचो. घरातले म्हणायचे, तू साफ केलंस की काच जास्तच खराब दिसते. मला वाटायचं जुने ओरखडे आता शेवाळ गेल्यामुळे दिसताहेत. एका रविवारी मॅग्नेट हातातून निसटून वाळूत पडला. बाहेर काढला आणि सहज त्याच्या खरखरीत बाजूवरून अंगठा फिरवला. तंतूंच्या मुळाशी काहीतरी टोचलं. उजेडात धरून बघितलं तर मोहरीच्या निम्म्याने असेल असा एक पारदर्शक कण, तंतूंमध्ये रुतून बसलेला. नळाखाली धरला, निघाला नाही. सुईने उचकटावा लागला. त्याच्या शेजारी आणखी दोन होते. म्हणजे कित्येक रविवार मी तीन कणांची लेखणी घेऊन काचेवर लिहीत होतो.

मॅग्नेटमध्ये वाळू येते ती दोन वाटांनी. एक, तो वाळूला टेकतो तेव्हा. दोन, वाळूत खणणारे किंवा तळ उकरणारे मासे कण वर उडवतात आणि काचेला चिकटलेल्या मॅग्नेटवर ते बसतात. म्हणून मॅग्नेट टँकमध्ये राहू द्यायचा नाही. वापरण्याआधी दोन्ही तुकडे नळाखाली धुवायचे आणि अंगठा फिरवायचा. डोळ्यांनी कण दिसत नाही, अंगठ्याला कळतो. बाहेरच्या तुकड्यावरही अंगठा फिरवा, तिकडे पडलेली रेघ तर कधीच विझणार नाही. वाळूपासून दोन-तीन सेंमी वरच थांबायचं. त्याखालची पट्टी जुन्या प्लॅस्टिक कार्डाने, वरून खाली एकाच दिशेने, दर फटक्याला कार्ड धुऊन. मॅग्नेट खाली पडला तर तसाच काचेला लावून वर ओढू नका. हात घाला, बाहेर काढा, धुवा.

ब्लेडबद्दल बऱ्याच जणांना उगाच भीती असते. नवं, गंज नसलेलं पात ओल्या काचेवर तिरपं आणि पूर्ण लांबीने टेकवून चालवलं तर काचेला सहसा काही होत नाही. घात करतो तो गंज, पातीचा कोपरा किंवा पातीखाली आलेला कण. वापरून ओलंच ठेवलेलं पात पुढच्या वेळी वापरू नका, आणि सिलिकॉनपासून लांब राहा.

ओरखड्यांत शेवाळ साठतं आणि त्या रेघा हिरव्या किंवा तपकिरी दिसायला लागतात. साफ काचेपेक्षा चरात शेवाळाला बरा आसरा मिळतो. ते काढायला माणूस जोर लावतो, जोरात घासताना नवा ओरखडा पडतो, आणि त्यात पुन्हा शेवाळ. वापरलेल्या टँकची काच नव्यापेक्षा लवकर खराब होते असं वाटतं ते बरंचसं यामुळे. त्यावर घासण्याचा जोर वाढवून काही होत नाही. आठवड्याला एकदाऐवजी दोनदा, शेवाळ मऊ असतानाच, हलका हात फिरवावा. लाईट दिवसाला सात-आठ तासांच्या वर चालू असेल तर तोही कमी करा.

शेवटी, आता मी प्रत्येक जुन्या टँकसाठी करतो ते एक काम. पाणी भरायच्या आधी कागदावर चारही काचांचे आयत काढतो, टॉर्च आडवी धरून प्रत्येक ओरखडा त्यात उतरवतो, आतला की बाहेरचा आणि नख अडकतं की नाही ते शेजारी लिहितो. अर्धा तास जातो. पुढे कधी काचेवर रेघ दिसली की ती आधीची की नवी, हा वाद मनात उरत नाही. कागद काढायचा आणि बघायचं. नवी असेल तर तिचा आकार बघून ती कशाने पडली ते शोधायचं, तेही त्याच आठवड्यात, कारण कण अजून तिथेच असतो.

माझ्या कागदावर टँक आणला त्या दिवशीचे तेवीस ओरखडे आहेत, आणि मॅग्नेटमधले कण निघेपर्यंत पडलेले नऊ. त्यानंतर भर पडली ती एकाच रेघेची, बाहेरून, उजव्या कोपऱ्यात. ती भाच्याने मासा दाखवताना हातातल्या गाडीने ओढली. तिच्यासमोर तारीखही लिहून ठेवली आहे.